संशोधकाचा वाटखर्च : पेडणे-डिचोलीच्या अंगाने एक इतिहास

ग्रंथालयांच्या सूचींमध्ये ग्रंथांची नावे राहतात आणि ग्रंथकारांचीही राहतात. तो ग्रंथ लिहिण्यासाठी जो प्रवास करावा लागला, त्याचा खर्च कोणी सोसला, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. समाजशास्त्राच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. समाजशास्त्र घरबसल्या होत नाही. त्यासाठी गावोगाव हिंडावे लागते, परक्या घरी मुक्काम करावा लागतो, दूरच्या दफ्तरखान्यात महिनोन्‌महिने बसावे लागते. या सर्वांना पैसा लागतो; आणि ज्याच्या घरी पैसा नाही, त्याची जिज्ञासा बहुधा गावच्या वेशीपाशीच थांबते.

हा प्रश्न जुना असला तरी आज तो पुन्हा ऐरणीवर आला आहे. अल्पसंख्याक समाजातील एम.फिल. व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी २००९-१० मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद करण्यात येत असल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. या पार्श्वभूमीवर संशोधकाला मिळणाऱ्या मदतीचा इतिहास तपासून पाहणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात हा इतिहास गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या पेडणे आणि त्याच्या आग्नेयेच्या डिचोली या दोन तालुक्यांच्या अंगाने मांडला आहे. प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न विचारावयाचे आहेत : पैसा कोणी दिला, कोणाला दिला आणि कोणत्या अटीवर दिला?

वजीफा, वर्षासन आणि दक्षिणा

विद्वानाला पोटापाण्याची चिंता पडू नये, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. उर्दूत त्यासाठी ‘वजीफा’ हा शब्द आहे. विद्यार्थ्याला किंवा विद्वानाला नेमाने मिळणारी रक्कम आणि रोज नेमाने करावयाचे पठण, असे त्याचे दोन अर्थ आहेत. नेम हा दोन्हींतला समान धागा होय. मोगल अमलात विद्वान व धर्मनिष्ठ व्यक्तींना निर्वाहासाठी ‘मदद-ए-माश’ म्हणून जमिनी दिल्या जात. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने फरिश्ता याने आपला इतिहासग्रंथ लिहिला. पेडणे आणि डिचोली हे मुलूखही एके काळी आदिलशाहीत होते, पुढे सावंतवाडीकरांकडे आले आणि डिचोली १७८१ मध्ये, तर पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. या भागाला ‘नव्या काबिजादी’ म्हणतात ते त्यामुळेच.

मराठी मुलखात याच अर्थाने वर्षासन आणि दक्षिणा हे शब्द रूढ होते. पेशवाईत पुण्यास श्रावणमासी वाटली जाणारी दक्षिणा प्रसिद्धच आहे. ती फक्त ब्राह्मणांना मिळे. म्हणजे ‘कोणाला’ या प्रश्नाचे उत्तर जन्मावर ठरत असे. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टन यांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्या निधीतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे, अशी मागणी सुधारकांनी केली आणि तिला कडाडून विरोधही झाला. अखेर निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला. त्यानंतर दक्षिणा फेलोशिप आल्या. न्या. महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर हे आरंभीच्या दक्षिणा फेलोंपैकी होत.

या बदलाचे महत्त्व ध्यानात घ्यावयास हवे. पैसा तोच होता, परंतु तो आधी जन्माकडे पाहून दिला जाई, नंतर कामाकडे पाहून दिला जाऊ लागला. ही वाट अर्थातच सर्वांना सारखी खुली झाली नव्हती. शिक्षणात मागे पडलेल्या मुसलमानांसाठी चढत्या श्रेणीच्या खास शिष्यवृत्त्या असाव्यात, अशी शिफारस १८८२ च्या हंटर आयोगाला करावी लागली, यावरून ते स्पष्ट होते.

मांद्र्याचा मुलगा

पेडणे तालुक्यातील मांद्रे हे गाव आज समुद्रकिनाऱ्यावरील पर्यटनामुळे ओळखले जाते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म याच गावचा. घरची स्थिती बेताची होती. कुटुंब मुंबईस आले आणि मुलगा एल्फिन्स्टन संस्थेत शिकला. काठेवाड व कच्छमधील रजपुतांत चालणाऱ्या बालिकाहत्येवर मुंबई सरकारने १८४० च्या दशकात निबंध मागविले होते. त्यात भाऊंच्या निबंधाला बक्षीस मिळाले. समाजातील एखाद्या प्रथेची कारणे शोधून त्यावर उपाय सुचविणारा हा निबंध होता. समाजशास्त्र हे नाव तेव्हा आपल्याकडे कोणी घेत नव्हते. पण सामाजिक प्रश्नाच्या अभ्यासाला सरकारने पैसा दिल्याचे हे या मुलखातील आरंभीचे उदाहरण आहे, आणि तो पैसा पेडण्याच्या एका मुलाला मिळाला होता.

पुढे भाऊ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले, त्यांचा व्यवसाय भरभराटीस आला आणि घेणारा हात देणारा झाला. प्राचीन लेख, नाणी व हस्तलिखिते यांच्या अभ्यासासाठी त्यांनी १८६१ मध्ये जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला मुंबईस आणले. भगवानलाल यांना इंग्रजी फारसे येत नव्हते, हाती पदवी नव्हती. पण जुने लेख वाचण्याची त्यांची हातोटी असामान्य होती. भाऊंनी त्यांना लेण्यालेण्यांतून आणि गावोगाव पाठविले. १८७१ मध्ये ते उत्तर भारताच्या दीर्घ प्रवासाला निघाले आणि नेपाळपर्यंत पोहोचले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ही प्रवास अनुदानासह दिलेली संशोधनवृत्तीच होती. फरक इतकाच की, देणारी संस्था नव्हती, एक व्यक्ती होती.

तिची मर्यादाही तेथेच होती. भाऊ आजारी पडले आणि १८७४ मध्ये निवर्तले. भगवानलाल यांना मागे परतून नवा आधार शोधावा लागला. त्यांची योग्यता पुढे जगाने मान्य केली, १८८४ मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. परंतु ज्या संशोधकाचा आधारच एका माणसाच्या आयुष्याला बांधलेला आहे, त्याचे काम त्या आयुष्याबरोबर अडते, हा धडा मांद्र्याच्या या थोर पुत्राच्या उदाहरणातून मिळतो.

बडोद्याचे दोन लाभार्थी

व्यक्तीच्या औदार्याकडून राज्याच्या तिजोरीकडे जाणारा पुढचा टप्पा बडोद्यात दिसतो. येथेही एक गोमंतकीय भेटतो. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम. पण बुद्धाच्या धर्माची ओढ इतकी की, घर सोडून ते काशी, नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेशापर्यंत गेले. पुढे कलकत्त्यास पाली शिकवीत असताना सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला : महाराष्ट्रात कोठेही राहावे, दरमहा ५० रुपये घ्यावेत आणि वर्षाला एक ग्रंथ लिहावा. कलकत्त्याची प्राप्ती याहून अधिक होती. तरीही धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले, कारण त्यांना आपल्या भाषिकांमध्ये राहून लिहावयाचे होते. त्यांच्या लेखनातून मराठी वाचकाला बौद्ध वाङ्मय मुळातून कळले आणि १९३५ च्या ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या ग्रंथात त्यांनी भारतीय समाजाच्या इतिहासाची परखड मीमांसा केली. पन्नास रुपयांची अट जाचक नव्हती. काम पुढे नेणारी होती.

त्याच दरबाराचे दुसरे लाभार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ मध्ये त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीची उत्पत्ती, यंत्रणा आणि प्रसार यांची शास्त्रीय चिकित्सा करणारा हा निबंध १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. भारतीय समाजशास्त्राच्या पायाभूत लेखनात आज त्याची गणना होते. ज्याला गावच्या शाळेत वेगळे बसविले गेले, त्याने जातीवर शास्त्रशुद्ध निबंध लिहावा, यात त्या साडेअकरा पौंडांचा वाटा आहे.

या शिष्यवृत्तीला मात्र दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करण्याची अट होती. मुदत संपल्यावर लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले. बडोद्यात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. राज्याने शिष्यवृत्ती दिली, पण शहराने छप्पर दिले नाही. पुढे स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज यांवर त्यांना लंडन गाठावे लागले. शिष्यवृत्ती मध्येच तुटली तर विद्यार्थ्याची काय ओढाताण होते, हे मौलाना आझाद अधिछात्रवृत्तीच्या बातमीनंतर अनेक घरांना नव्याने कळले असेल.

तेरेखोलच्या पलीकडे

पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी ओलांडली की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. त्यातील मालवण येथे १२ डिसेंबर १८९३ रोजी गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म झाला. भारतातील समाजशास्त्राच्या अध्यापनाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत घुर्ये अग्रगण्य आहेत. त्यांच्या घडणीतही एका शिष्यवृत्तीचा निर्णायक भाग आहे.

समाजशास्त्राच्या अध्यापनासाठी १९१४ मध्ये भारत सरकारने मुंबई विद्यापीठाला अनुदान दिले आणि १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली विभाग सुरू झाला. परदेशी शिक्षणासाठी उमेदवार निवडताना गेडिस यांच्यासमोर संस्कृतचे अध्यापक असलेल्या घुर्यांचा मुंबई शहराविषयीचा निबंध आला. गेडिस प्रभावित झाले आणि १९२० मध्ये घुर्ये विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. केंब्रिजला रिव्हर्स व त्यांच्या निधनानंतर हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळविली, १९२४ मध्ये मुंबईच्या विभागाची धुरा घेतली आणि १९३२ मध्ये जातिव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका माणसाला दिलेल्या शिष्यवृत्तीतून विभाग उभा राहिला आणि त्या विभागातून पिढ्या तयार झाल्या. व्यक्तीच्या औदार्यापेक्षा संस्थेची मदत श्रेष्ठ कशी, याचे उत्तर यात आहे.

घुर्यांच्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे इरावती कर्वे. १९२६ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांना मुंबईत समाजशास्त्राच्या संशोधनासाठी दक्षिणा फेलोशिप मिळाली. श्रावणातल्या ब्राह्मणपंक्तीपासून निघालेली दक्षिणा शंभर वर्षांत एका स्त्रीच्या हाती समाजशास्त्राची अभ्यासवृत्ती म्हणून पडली. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, तेव्हा प्रवास-शिक्षणाच्या खर्चासाठी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घ्यावे लागले. तेथील मार्गदर्शक युजेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणाऱ्यांपैकी होते. इरावतीबाईंनी मोजमाप केलेल्या कवट्यांवरून मात्र तो सिद्धान्त सिद्ध होत नव्हता, आणि त्यांनी आपले निष्कर्ष तसेच मांडले. पैसा व मार्गदर्शन कोणाचेही असो, निष्कर्ष संशोधकाचा असतो, याचा हा वस्तुपाठ होय.

या काळात किनारपट्टीच्या मुस्लिम समाजाकडेही अभ्यासकांचे लक्ष गेले. भटकळ परिसरातील नवायत मुसलमानांवरील व्हिक्टर डिसूझा यांचा समाजशास्त्रीय ग्रंथ १९५५ मध्ये धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. कोकणी बोलणाऱ्या मुस्लिम समाजाचा अभ्यास एक ख्रिस्ती अभ्यासक करतो आणि एक कन्नड संस्था तो छापते, ही गोष्ट आजच्या वाचकालाही समाधान देणारी आहे. डिचोली, साखळी, सुर्ल येथील मुस्लिम वस्त्यांनाही असा अभ्यासक मिळावयास हवा.

लिस्बनचा अहवाल

गोव्यात या काळात विद्यापीठ नव्हते. उच्च शिक्षणासाठी ज्याची ऐपत असे तो मुंबईस किंवा लिस्बनला जाई. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी गोव्याच्या ग्रामसंस्थेवर १९४७ मध्ये महत्त्वाचा निबंध लिहिला. पण त्याचा विषय जुन्या काबिजादी, म्हणजे तिसवाडी, बार्देश व साष्टी हा भाग होता. पेडणे-डिचोलीकडे अभ्यासकांची वर्दळ कमीच राहिली.

१९५० च्या दशकाच्या मध्यास पोर्तुगीज सरकारने स्वतःच्या खर्चाने एक अभ्यासमंडळ गोव्यात पाठविले. भूगोलतज्ज्ञ ओर्लांदो रिबेइरो तिचे प्रमुख होते. राकेल सुएरो द ब्रितो व मारियानो फेयो हे सहकारी. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे, असे सालाझार सरकार तेव्हा जगाला सांगत होते. रिबेइरो यांनी १९५६ मध्ये सरकारला जो अहवाल दिला, त्यात मात्र आपण पाहिलेल्या पोर्तुगीज प्रदेशांत गोवा हा सर्वांत कमी पोर्तुगीज आहे, असा निर्वाळा होता. नव्या काबिजादीतील हिंदू बहुसंख्य गावे पाहिलेल्या माणसाला वेगळे काय दिसणार होते? अहवाल दप्तरात पडून राहिला आणि १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. फेयो यांचा गोव्यातील हिंदू जातींवरचा ग्रंथ १९७९ मध्ये लिस्बनहून निघाला.

या घटनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पैसा देणाऱ्याला जे ऐकावयाचे असते तेच प्रामाणिक संशोधक सांगेल असे नाही. आणि असा निष्कर्ष दडपून ठेवण्याची ताकदही पैसा देणाऱ्याकडेच असते. दुसरी गोष्ट अधिक खेदाची आहे. ज्या जातींवर आणि गावांवर हे लेखन झाले, त्यांतील आजच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना पोर्तुगीज येत नाही. आपल्याच गावाविषयीचे ज्ञान त्यांच्यापासून समुद्रापलीकडे आणि परक्या भाषेत आहे. तेथवर पोहोचावयाचे तर भाषा शिकण्यासाठी वेळ आणि प्रवासासाठी पैसा, दोन्ही हवेत.

मुक्तीनंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी अमेरिकन अभ्यासकांसाठी भारतीय अध्ययनाची एक संस्था स्थापन होऊन तिचे कार्य पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून सुरू झाले. तिच्या अधिछात्रवृत्त्यांवर परदेशी विद्यार्थी मराठी शिकले, गावांत राहिले आणि त्यांनी मोलाचे ग्रंथ लिहिले. त्यांच्याविषयी असूया बाळगण्याचे कारण नाही. मात्र प्रबंधासाठी वर्षभर एखाद्या गावात राहण्याचा खर्च त्यांना मिळतो, तसा त्याच गावच्या विद्यार्थ्याला मिळतो काय, हा प्रश्न उरतो.

तो प्रश्न ज्यांच्या मनात होता, अशा माणसांत दोन मराठी नावे ठळक आहेत. १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक पहिले सदस्य-सचिव होते. परिषदेने डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्त्या दिल्या, ग्रंथालये पाहण्यासाठी अल्पमुदतीची अभ्यास-अनुदाने दिली, प्रबंध छापण्यास मदत केली. मुंबईत पश्चिम विभागीय केंद्र निघाले. दुसऱ्या शहरात आठ-पंधरा दिवस राहून संदर्भ पाहण्यासाठी मिळणारे ते लहानसे अनुदान अनेक प्राध्यापकांच्या कामाला लावलेले पहिले ठिगळ होते. अंगरखा पुढे झाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती हा आज मुख्य आधार होय. जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. रक्कम समाधानकारक आहे, परंतु ती परीक्षेतील वरच्या मोजक्या उमेदवारांनाच मिळते. नेट न देता संशोधन करणाऱ्यांना मिळणारी दरमहा ८,००० रुपयांची वृत्ती केंद्रीय विद्यापीठांपुरती होती. १९८५ मध्ये सुरू झालेले गोवा विद्यापीठ हे राज्य विद्यापीठ असल्याने तेथील विद्यार्थी तिच्या कक्षेत येत नव्हते. महाविद्यालयीन शिक्षकांना लघु संशोधन प्रकल्पांसाठी जे अनुदान मिळे, तो झराही बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपल्यानंतर आटला.

मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती सुरू झाली ती सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानंतरच्या वातावरणात. मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि पुढे जैन विद्यार्थ्यांनाही ती खुली होती. इतर योजनांशी ती एकमेकांवर पडते, असे ती बंद करताना कारण देण्यात आले. या युक्तिवादात काहीच तथ्य नाही असे नाही. एका विद्यार्थ्याला दोन ठिकाणांहून पैसा मिळू नये हे योग्यच आहे. पण त्यासाठी दुहेरी लाभ रोखता येतो, योजना मिटविण्याची गरज नसते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी पीएच.डी.पर्यंत पोहोचते, तेथे राखून ठेवलेली जागा आणि सर्वांसाठीच्या चुरशीतील जागा यांत फार अंतर असते.

अटींच्या बाबतीत आणखी एक घडामोड समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावी अशी आहे. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी असलेली राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आली आहे. २०२२ मध्ये जारी झालेल्या तिच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. भारताचा अभ्यास भारतातच करावा, हे त्यामागचे म्हणणे. १९१३ मध्ये बडोद्याने अशी अट घातली असती, तर कोलंबियातील तो निबंध लिहिला गेला नसता.

आजचे क्षेत्र, आजचा विद्यार्थी

पेडणे आणि डिचोली हे तालुके आज समाजशास्त्रज्ञाला हाक मारणारे आहेत. मोप्याच्या पठारावर विमानतळ होऊन जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. त्या पठारावरच्या धनगर कुटुंबांचे काय झाले, हरमल-मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर जमिनीचे हक्क कसे बदलले, हे प्रश्न समोर आहेत. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकमालक, बार्जवरचे कामगार, शेती गमावलेली घरे यांचे जीवन या उलथापालथीत कसे गेले? मये गावातील स्थलांतरित मालमत्तेचा प्रश्न मुक्तीपासून लोंबकळत राहिला आणि त्यासाठी २०१४ मध्ये कायदा करावा लागला. डिचोलीच्या नमाजगाहचे नाव औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याच्याशी जोडले जाते. तो संभाजीराजांच्या आश्रयाने या भागात राहिला होता. अशा वास्तूभोवती जपलेल्या आठवणींचा अभ्यास केला तर धर्मांतील देवाणघेवाणीवर प्रकाश पडेल.

या विषयांसाठी सर्वांत योग्य अभ्यासक कोण? ज्याला तेथली बोली येते, ज्याला कोणत्या दारी कोणत्या वेळी जावे हे ठाऊक आहे, तो. विर्नोड्याच्या आणि साखळीच्या सरकारी महाविद्यालयांत असे विद्यार्थी येतात. त्यांना हार्वर्डच्या शिष्यवृत्तीआधी पणजीच्या पुराभिलेखागारात आठवडाभर बसण्याचे बसभाडे लागते, सावंतवाडी-कोल्हापूरचे मोडी कागद पाहण्यासाठी मुक्कामाचा खर्च लागतो, मुलाखती ध्वनिमुद्रित करून उतरवून काढण्यासाठी थोडी मजुरी लागते. त्यापुढच्या टप्प्यासाठी काही दारे उघडी आहेत. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा कर्जशिष्यवृत्ती आहे, गोवा सरकारची गोवा स्कॉलर्स योजना आहे, पोर्तुगालमधील अभ्यासासाठी फुंदासांव ओरिएन्त व गुल्बेंकियन प्रतिष्ठान यांसारख्या संस्था आहेत. पण या दारांपर्यंत जाण्यासाठी हाती एखादे केलेले काम असावे लागते. घुर्यांच्या हाती मुंबईवरचा निबंध होता, भाऊंच्या हाती बालिकाहत्येवरचा. ते पहिले काम करण्यापुरता पैसा देणारी सोय आपल्याकडे जवळजवळ नाही.

येथे शिक्षणसंस्थांचे काम सुरू होते. सरकारी अधिछात्रवृत्ती परत मिळावी यासाठी मागणी करीत राहिले पाहिजे, कारण तेवढी मोठी जबाबदारी कोणतीही संस्था उचलू शकत नाही. परंतु महाविद्यालयांना आणि शिक्षणसंस्थांना एक लहान प्रवास-निधी उभारणे अशक्य नाही. वरील इतिहासातून त्याचे नियम आपोआप सुचतात. निधी एका दात्याच्या आयुष्याला बांधलेला नसावा. तो जन्मापेक्षा कामाकडे पाहणारा असावा, मात्र ज्याच्या घरी आधार नाही त्याला अग्रक्रम देणारा असावा. विषय आणि निष्कर्ष संशोधकाचे असावेत. अट एकच असावी, आणि ती धर्मानंदांना घातलेल्या अटीसारखी काम वाढविणारी असावी : अनुदान घेणाऱ्याने आपल्या अभ्यासाचा मराठी, कोकणी किंवा उर्दूतील गोषवारा, मुलाखतींच्या प्रतींसह, ज्या गावात काम केले त्या गावच्या ग्रंथालयात ठेवावा. लिस्बनच्या दप्तरात त्रेचाळीस वर्षे पडून राहिलेल्या अहवालासारखी गत तरी त्याची होणार नाही. मांद्र्याच्या किंवा मयेच्या पुढच्या विद्यार्थ्याला तो आपल्याच गावात, आपल्या भाषेत वाचता येईल.